अर्धा दिवस किती तासांचा?
रजा, जेवणाची सुट्टी आणि मजुरीचा हिशेब

मराठीत कामावर नसण्याला तीन वेगळे शब्द आहेत : सुट्टी, रजा आणि खाडा. ‘सुट्टी’ हा शब्द ‘सुटणे’ या क्रियापदाशी जोडलेला. घंटा झाली की ती मिळते, मागावी लागत नाही. ‘रजा’ अरबी-फारसीतून आली. तिचा मूळ अर्थ संमती. ती मागावी लागते आणि मंजूर झाली तर पगारासह मिळते. ‘खाडा’ मात्र मागितलेला नसतो आणि कुणी दिलेलाही नसतो. तो ‘पडतो’, आणि पडला की पैसे कापले जातात.

एरवी हे तीन शब्द एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. अडचण होते ती अर्ध्या दिवसाच्या रजेत. तिथे रजेच्या कडेला जेवणाची सुट्टी येऊन बसते, आणि त्या दोघींच्या मध्ये एखादा खाडा गुपचूप शिरतो. एक साधे गणित घेऊ. एका दुकानाची वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७. दुपारी २ ते ३ जेवणाची सुट्टी. एक नोकर दोन वाजता अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी गेला. त्याने निम्मा दिवस भरला की नाही? नोकर म्हणतो, ‘काम आठ तासांचे, मी चार तास केले, निम्मा दिवस पुरा झाला.’ मालक म्हणतो, ‘दुकान नऊ तासांचे, निम्मे साडेचार, तुझा अर्धा तास कमी पडला.’ दोघांचाही भागाकार बरोबर आहे. फरक आहे तो मापाचा. एकाने सुट्टी वगळून दिवस मोजला, दुसऱ्याने सुट्टी धरून.

हा अर्धा तास क्षुल्लक वाटतो. पण रोजावर जगणाऱ्याच्या घरात अर्ध्या तासालाही किंमत असते, आणि हाच अर्धा तास मिळवण्यासाठी या महाराष्ट्रात एकेकाळी हजारो कामगारांनी सह्या केल्या होत्या.

हक्काच्या अर्ध्या तासाची जन्मकथा

१८८१ साली ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. त्याने संरक्षण दिले ते मुलांना : सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायचे नाही, सात ते बारा वयाच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घ्यायचे नाही आणि त्यांना दिवसातून एक तास विश्रांती द्यायची. प्रौढ कामगार त्या कायद्याच्या बाहेरच राहिला. मुंबईच्या गिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रे चालत, आणि गिरणीकामगार चालत्या यंत्राच्या आडोशाला, जमेल तसे चार घास पोटात ढकलत.

१८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. सत्यशोधक विचारांचे लोखंडे तेव्हा ‘दीनबंधु’ हे पत्र चालवत होते. या सभांतून तयार झालेल्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या थोडक्या आणि नेमक्या होत्या : आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर इजा झाल्यास भरपाई. पगारवाढीच्या आधी कामगारांनी वेळ मागितली होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

रविवारची सुट्टी १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी मान्य केली. अर्धा तास कायद्यात आला तो १८९१ च्या दुरुस्तीने. दुपारी बारा ते दोन या वेळात कारखान्याचे काम पूर्ण अर्धा तास थांबले पाहिजे, असे ती सांगत होती. पाळीपद्धतीच्या कारखान्यांना सवलत होती. तरी प्रौढ पुरुष कामगारालाही दिवसाच्या मध्यावर सोडले पाहिजे, हे तत्त्व इथे प्रथम मान्य झाले. पुढे कामाचे तास उतरत गेले : १९११ मध्ये कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा आणि १९४६ मध्ये नऊ. मधला अर्धा तास मात्र टिकून राहिला.

कायद्याची दोन मापे

१९४८ च्या कारखाना कायद्याने दिवस मोजायला दोन मापे दिली, आणि आपला सगळा गोंधळ या दोन मापांची सरमिसळ केल्यामुळे होतो.

पहिले माप प्रत्यक्ष कामाचे. कलम ५१ नुसार आठवड्याला ४८ तास, कलम ५४ नुसार दिवसाला ९ तास ही कमाल मर्यादा होती. दुसरे माप दिवसाच्या एकूण विस्ताराचे, म्हणजे कामावर पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंतचे. कलम ५६ नुसार हा विस्तार, विश्रांती धरून, साडेदहा तासांच्या पुढे जाता कामा नव्हता. या दोहोंच्या मध्ये कलम ५५ उभे होते : किमान अर्धा तास विश्रांती दिल्याशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम घ्यायचे नाही. नऊ आणि साडेदहा यांतला दीड तास हीच पूर्ण वेळ काम करणाऱ्याच्या दिवसातल्या विश्रांतीची कमाल जागा होती. म्हणजे सुट्टी विस्तारात मोजली जाते, कामात मोजली जात नाही. ती बिनपगारी असते ती याच अर्थाने.

पण बिनपगारी सुट्टीला एक अट आहे, आणि तिचा अनेकांना विसर पडतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३० च्या तिसाव्या कराराने दुकाने आणि कचेऱ्यांसाठी कामाच्या तासांची व्याख्या केली. तिचा आशय असा, की माणूस मालकाच्या दिमतीला असतो तो सगळा वेळ कामाचा. विश्रांती त्यातून वगळायची ती तेवढ्या वेळात तो मालकाच्या दिमतीला नसेल तरच. गल्ल्याजवळ डबा उघडून बसलेला आणि गिऱ्हाईक आले की हात धुऊन उठणारा नोकर जेवत असतो, पण सुटलेला नसतो. सुट्टी या शब्दात जे सुटणे आहे ते त्याच्या वाट्याला येत नाही. त्याचा तो तास दिवसाच्या मापातून वगळणे म्हणजे काम घेऊन त्याला सुट्टीचे नाव देणे.

कचेरीतला अर्धा दिवस

सोयगाव हे अजिंठ्याच्या डोंगररांगेखालचे, खानदेशाकडे तोंड केलेले तालुक्याचे गाव. अशा गावात महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार मिळवणारे बहुतांश लोक तहसील, पंचायत समिती, शाळा, बँक आणि एसटी इथलेच. म्हणून कचेरीचा हिशेब आधी पाहू.

२०२० पर्यंत मुंबईबाहेरच्या राज्य सरकारी कचेऱ्यांची वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ५.४५ होती. पावणेआठ तासांतून जेवणाचा अर्धा तास वजा केला की सव्वासात तास काम उरते. महिन्याचे २४ दिवस धरून हे १७४ तास होत. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला आणि वेळ ९.४५ ते ६.१५ झाली. साडेआठ तासांतून अर्धा तास गेला, आठ तास उरले. महिन्याचे २२ दिवस धरून १७६ तास. वर्षाचे २०८८ तास होते ते २११२ झाले. दिवसाला ४५ मिनिटे, महिन्याला दोन तास आणि वर्षाला २४ तास काम वाढते, असे गणित सरकारने हा निर्णय घेताना मांडले होते. त्या गणितात जेवणाचा अर्धा तास दोन्हीकडून वगळलेला आहे. माप एकच ठेवल्याने तुलना चोख झाली. खासगी दुकानातल्या मालक-नोकरालाही एवढेच करायचे असते.

आता या आठ तासांच्या दिवसाचे दोन तुकडे करू. राज्य कर्मचाऱ्याला वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा मिळते आणि ती अर्ध्या दिवसानेही घेता येते. जेवणाची सुट्टी ही दोन अर्धांमधली हद्द. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत ९ ते ५.३० ही वेळ आणि १ ते १.३० ही सुट्टी असेल, तर हद्द अगदी मध्यावर पडते : सकाळी चार तास, दुपारी चार तास.

राज्याच्या कचेरीत तसे होत नाही. भोजनाची सुट्टी १ ते २ या वेळात, अर्ध्या तासाहून अधिक नाही, असा २०१९ मधला आदेश आहे. सुट्टी १ वाजता घेतली तर सकाळचे सत्र ९.४५ ते १, म्हणजे सव्वातीन तासांचे, दुपारचे १.३० ते ६.१५, म्हणजे पावणेपाच तासांचे. सुट्टी १.३० वाजता घेतली तरी पावणेचार आणि सव्वाचार असे तुकडे पडतात. चार-चार तासांचे समान भाग हवे असतील तर पावणेदोन वाजता जेवायला उठून सव्वादोनला परतावे लागेल, आणि ते २ च्या हद्दीत बसत नाही.

म्हणजे ‘अर्धा दिवस’ हा घड्याळाने नव्हे, जेवणाने ठरलेला अर्धा आहे. आठ रजांचे सोळा अर्धे दिवस होतात. कुणी ते सगळे सकाळचे घेतले तर सोळा वेळा सव्वातीन, म्हणजे ५२ तास मोकळे मिळतील. सगळे दुपारचे घेतले तर सोळा वेळा पावणेपाच, म्हणजे ७६ तास. रजेच्या खात्यात दोघांचेही आठच दिवस खर्ची पडतात. त्यांच्या वाट्याला आलेल्या तासांत मात्र २४ चा फरक. पाच दिवसांच्या आठवड्याने वर्षाला जेवढे काम वाढले, नेमके तेवढेच तास.

हा अन्याय आहे का? रजा दिवसांत मोजायची असे एकदा ठरले, की तासांचा कमी-अधिकपणा पत्करावा लागतो. दोन्ही सत्रे सर्वांना सारखीच खुली आहेत, म्हणून तो सहसा डाचत नाही. पण दोन्ही सत्रे सर्वांच्या सारखी उपयोगाची नसतात, आणि इथे गाव कुठे वसले आहे याला महत्त्व येते.

घाटाखालच्या गावाची रजा

सोयगावहून छत्रपती संभाजीनगर सुमारे शंभर किलोमीटर, मध्ये घाट. एसटीला एका बाजूने तीन तास धरले तर जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन येण्यातच सहा तास जातात. सकाळच्या अर्ध्या रजेत हे काम होत नाही : पहाटे सहाला निघालेला माणूस नऊला पोहोचेल, कचेरी पावणेदहाला उघडेल, आणि दीड वाजता सोयगावात हजर व्हायचे तर त्याला साडेदहाची गाडी पकडावी लागेल. दुपारी एकला निघालेला निदान चार वाजता पोहोचतो आणि कचेरी बंद होण्याआधी दोन तास त्याच्या हाती उरतात.

म्हणून जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्याला अर्ध्या रजेत होणारे दवाखान्याचे वा कोर्टाचे काम घाटाखालच्या माणसाला बहुधा पूर्ण दिवसाची रजा घ्यायला लावते. सकाळची सव्वातीन तासांची रजा त्याला गावातल्याच कामाला पुरते : मुलाच्या शाळेत जायला, बँकेत पासबुक भरायला, फार तर पाचोरा-जामनेरकडची एखादी फेरी मारायला. रजेचे नियम राज्यभर एकच आहेत. अंतर एक नाही.

सुट्टीचे पैसे कोण देतो?

कचेरीतल्या माणसाला जेवणाचा अर्धा तास पगारात आहे की नाही, याचा विचार करावा लागत नाही; महिन्याचा आकडा ठरलेला असतो. ज्याची मजुरी तासावर किंवा रोजावर मोजली जाते त्याचा प्रश्न निराळा. सोयगावात असे तीन-चार प्रकार शेजारी शेजारी दिसतात.

पहिला एसटीचा. इथे आगार आहे, आणि चालक-वाहकांच्या कामाचे नियम १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने घातले : दिवसाला आठ तास, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. या कायद्याने एक बारीक भेद केला. शेवटच्या थांब्यावर गाडी सुटण्याची वाट पाहत नुसते हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांहून कमी असेल तर तो कामात धरायचा. दहा मिनिटांत माणूस चहा पिऊ शकतो, पण सुटू शकत नाही, हे कायदा करणाऱ्यांना कळलेले होते.

दुसरा रोजगार हमीचा. रोजगार हमीची कल्पना मुळात महाराष्ट्राची. पुढे २००५ मध्ये देशभराचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत कामाचे दर ठरवताना दिवस आठ तासांचा धरला, आणि त्या आठांत एक तास विश्रांतीचा. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये होता. आठाने भागले तर तासाला ३९ रुपये. प्रत्यक्ष कामाच्या सात तासांनी भागले तर ४४ रुपये ५७ पैसे. विश्रांती मजुरीच्या आत धरली की कामाच्या तासाचे मोल वाढते, ते असे. पगारी सुट्टी म्हणतात ती हीच.

तिसरा शेताचा. निंदणी-खुरपणीला रोज असतो. बांधावर भाकरी सोडून बसायचा वेळ त्या रोजातच धरलेला, तो कुणी वेगळा मोजत नाही. कापूस वेचणीला मात्र किलोवर पैसे. तिथे जेवणाची सुट्टी कुणी देत नाही आणि कुणी अडवतही नाही. बाई जितका वेळ जेवायला बसेल तितका कापूस कमी भरतो. तिच्या सुट्टीचे पैसे तीच मोजते.

चौथा दुकानांचा, आणि सर्वांत नाजूक तोच. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात, तो जिथे लागू होता तिथे, दुकानातल्या नोकराला पाच तासांच्या कामानंतर किमान एक तास विश्रांती होती. त्याच्या जागी आलेला महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा ही विश्रांती किमान अर्धा तास ठेवतो, आणि कामाच्या तासांचे त्याचे नियम सुरुवातीला दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. तालुक्याच्या गावच्या किराणा, कापड किंवा कृषी केंद्राच्या दुकानात दहा नोकर क्वचितच. तिथे विश्रांतीचा नियम उरतो तो मालकाच्या शब्दात. कारखान्यांतही वारे बदलते आहे : दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तास करणे आणि पहिली विश्रांती पाचऐवजी सहा तासांनंतर देणे, यासाठीच्या दुरुस्तीला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ च्या सप्टेंबरात मान्यता दिली.

कापायचे तर किती?

आता सुरुवातीच्या दुकानाकडे वळू. समजा नोकराचा पगार महिना १५,६०० रुपये. २६ दिवसांनी भागून रोज ६०० रुपये. त्याच्या रजा संपल्या आहेत, त्यामुळे दोन वाजता गेला त्या दिवशीचे पैसे कापायचे आहेत.

कामाच्या मापाने : आठ तासांचे ६००, तासाला ७५. केले चार तास, मिळावेत ३००, कापावेत ३००.

विस्ताराच्या मापाने : नऊ तासांचे ६००, तासाला ६६ रुपये ६७ पैसे. हजर होता चार तास, मिळाले २६६ रुपये ६७ पैसे, कापले ३३३ रुपये ३३ पैसे.

फरक ३३ रुपये ३३ पैशांचा. हा पैसा कशाचा? दिवसाचे नऊ तास मोजताना जेवणाचा तास मालकाने आत घेतला. नोकर गेल्यावर तोच तास त्याच्या गैरहजेरीत मांडला. ज्या तासात तो कामावर असता तरी काम करायचे नव्हते, त्या तासाचा त्याच्यावर खाडा पडला. भरताना एक पायली आणि रिती करताना दुसरी, असा हा प्रकार.

याविषयी १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याच्या कलम ९ ने घालून दिलेले तत्त्व स्वच्छ आहे. गैरहजेरीची कपात पगाराच्या किती पट असावी? नोकरीच्या अटींनुसार जितका वेळ काम करणे आवश्यक होते, त्या वेळाशी गैरहजेरीचे जे प्रमाण, त्याहून अधिक नाही. २०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम आहे. सगळा अर्थ ‘काम करणे आवश्यक होते’ या शब्दांत आहे. सुट्टी खरोखर बिनपगारी आणि मोकळी असेल तर त्या वेळात काम आवश्यक नव्हते. मग ती ना वरच्या अंकात यावी, ना खालच्या. ती पगारी असेल किंवा नोकर त्या वेळातही गल्ल्यावर बसत असेल, तर ती दोन्हीकडे यावी, आणि तो पूर्ण दिवस हजर असतो तेव्हा त्याचे नऊ तास काम झाले हेही मान्य करावे. तिसरा मार्ग नाही.

अपूर्णांकाच्या बाबतीत कायदा काही ठिकाणी उदारही आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ७९ नुसार वर्षात २४० दिवस भरलेल्या प्रौढ कामगाराला पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळत असे. अर्धा दिवस किंवा अधिक अपूर्णांक आला तर पूर्ण दिवस धरायचा, कमी आला तर सोडायचा. २४९ दिवस भरले तर १२.४५, म्हणजे बारा दिवस. २५० भरले तर साडेबारा, म्हणजे तेरा. एका दिवसाच्या हजेरीने एक दिवसाची रजा वाढते. वर्षअखेरीस हजेरीपट तपासताना अर्ध्या हजेरीच्या खुणा नीट मोजाव्यात, त्याचे कारण हे.

शब्द द्यायचा तो आधी

लहान दुकानात नियमावली छापून लावण्याची गरज नाही. कामाला लागताना चार गोष्टी बोलून, शक्य तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या तरी बहुतेक भांडणे टळतील. जेवणाची सुट्टी किती वाजता आणि किती वेळ. ती पगारात आहे की नाही. त्या वेळात गिऱ्हाईक आले तर कोण उठणार. आणि अर्धा दिवस म्हणजे सुट्टीच्या आधीचा व नंतरचा भाग, की मोजून चार तास. सुट्टी दिवसाच्या मध्यावर असेल तर शेवटच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकच येतात. म्हणून शक्य तिथे सुट्टीच मध्यावर आणणे हा सर्वांत सोपा उपाय. १० ते ७ च्या दुकानात २ ते ३ ची सुट्टी सकाळ-दुपार चार-चार तासांची करते; तीच १ ते २ केली की सकाळ तीन तासांची आणि दुपार पाचांची होते, आणि कुणी कुठला अर्धा घेतला यावरून कुरबुर सुरू होते.

लोखंड्यांच्या अर्जातल्या अर्ध्या तासाला आता दोन शतके गाठायची ती सहा दशकांहूनही कमी उरली आहेत. यंत्र थांबवून माणसाला सोडा, एवढेच त्या अर्जात होते. आज यंत्र बहुधा थांबते. त्या अर्ध्या तासात माणूस खरोखर सुटतो का, आणि न सुटता त्याचे पैसे मात्र कापले जातात का, हे हजेरीची वही हातात असणाऱ्याने महिन्यातून एकदा तरी स्वतःला विचारावे.